सकाळी साडेसहा

अण्णा, आज सकाळी घाटावर गाणं ऐकून आले, येताना मिसळ खाल्ली, घरी येऊन चहा टाकला आणि तुम्हाला लिहायला बसले. गाणारा पोरगा पंचविशीतला होता, पण गळा तयार होता आणि मुख्य म्हणजे माणसांकडे बघून गात होता. सुरू व्हायला मात्र सात मिनिटं उशीर झाला. तुम्ही असतात तर खिशातलं कार्ड काढून वेळेच्या ओळीपुढे पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह केलं असतंत, म्हणून मी केलं. शेजारच्या बाईंनी विचारलं की हे काय करताय, तर म्हटलं, घरची रीत आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढी एक खोड मी तुमच्या मागे नेमानं सांभाळली आहे. बशीवर चमचा वाजवत चहा ढवळायची सवय तुमच्या जावयानं उचलली, ती त्याला कुणी शिकवली ते देव जाणे.

मला आपला छापखाना आठवतो तो वासानं. मेनरोडच्या मागच्या बोळातला तो एवढासा गाळा, आत शिरलं की शाई आणि रॉकेल यांचा मिळून एक वास यायचा, आणि तो तुमच्या शर्टाला रविवारीसुद्धा असायचा. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, भिंतीला लागून खिळ्यांचे कप्पे, आणि खिडकीवर ताणलेल्या तारेत ओवलेली जुनी प्रुफं. शिशाचा एकेक खिळा उचलून तुम्ही ओळ जुळवायचात, सगळी अक्षरं उलटी, तरी तुम्ही ती वर्तमानपत्र वाचावं तशी वाचायचात. मशीनवर चाचा. जोगवाड्यातून सकाळी नऊला सायकलवर यायचे, तुमच्यापेक्षा वयानं मोठे, तरी तुम्हाला भाऊ म्हणायचे. तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी फार तर वीस वाक्यं बोलत असाल, आणि त्यातली दहा संध्याकाळी कुठल्या कार्यक्रमाला जायचं याची असायची.

कारण तुमचा तो नियम. लग्नाच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची बिलं हे सगळं तुम्ही छापायचात, त्यानं घर चालायचं. पण गावातल्या कार्यक्रमाचं कार्ड छापायला आलं की तुमचा चेहरा बदलायचा. आणि ज्या कार्यक्रमाचं कार्ड आपल्या मशीनवर छापलं, त्या कार्यक्रमाला तुम्ही जायचातच. आईनं एकदा वैतागून विचारलं होतं, की दमून आलात, आज नाही गेलात तर काय बिघडेल. तुम्ही पायात चपला सरकवत म्हणालात, "मी छापलंय की सहा वाजता हा माणूस गाणार. ते खरं होतंय का बघायला नको?" आईनं कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच तुमच्या मागून निघाली, कारण गाणं तिलाही आवडायचं, फक्त कबूल करायचं नव्हतं.

त्यामुळे मी नाशिकमध्ये काय काय ऐकलं आहे. वाचनालयाच्या सभागृहात बासरी ऐकली, पंचवटीत कीर्तनं ऐकली, उरुसात चाचांनी नेऊन बसवलं तिथे कव्वाली ऐकली आणि तुम्ही मांडीवर असा ठेका धरलात की पुढच्या माणसानं वळून तुम्हाला पुढे बोलावून घेतलं. मे महिन्यात घाटावर व्याख्यानं असायची, तिथे मधमाशांवर दीड तास ऐकलं आणि येताना भेळभत्ता खाताना तुम्ही राणीमाशीविषयी आईला पुन्हा सगळं सांगितलंत, जणू ती तिथे नव्हतीच. एका कविसंमेलनात ऐकणारे आपण तिघं आणि चाचा, बाकी सगळे कवी. आपण शेवटपर्यंत बसलो. रंगपंचमीला रहाडीपाशी, रंगाच्या त्या दगडी हौदापाशी, ढोल वाजायचा तो ऐकायला तर कार्डही लागायचं नाही. तो छातीत वाजायचा. भिजू नये म्हणून तुम्ही लांब उभे राहायचात आणि दरवर्षी भिजूनच घरी यायचात. तेव्हा घराघरांत केबल येत होती, माणसं संध्याकाळी टीव्हीपुढून हलेनाशी झाली होती, आणि आपल्याकडे टीव्हीवर आईनं विणलेला रुमाल टाकलेला असायचा.

कार्यक्रमाला गेलं की कार्ड तुमच्या खिशात. दीपप्रज्वलन झालं की बरोबरची खूण, स्वागतगीत झालं की खूण. प्रास्ताविक लांबलं तरी खूण, पण जरा नाराजीची. मी कॉलेजात असताना एकदा शेवटची भैरवी झाल्यावर उठले, मैत्रिणी बाहेर थांबल्या होत्या. तुम्ही माझं मनगट धरून खाली बसवलंत. "आभार राहिलेत अजून," तुम्ही म्हणालात, "छापलेत." आवाज चढवला नव्हतात, पण मागच्या दोन रांगांतली उठलेली माणसंसुद्धा परत बसली. मला तेव्हा इतकी लाज वाटली की मी आठवडाभर तुमच्याबरोबर कुठे आले नाही. आठव्या दिवशी सतारीचं कार्ड छापायला आलं आणि माझा राग तिथेच संपला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. घाटावरचं ते मंडळ तुम्हाला आठवतं, विसरणं शक्य नाही. त्याचे चिटणीस ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते, शनिवारी-रविवारी मंडळाचं काम बघायचे, आणि बोलताना सगळ्या गोष्टी बोटांवर मोजायचे. त्यांनी बाहेरगावच्या एका नावाजलेल्या बाईंचं गाणं ठरवलं, मार्गशीर्षातल्या रविवारी, संध्याकाळी साडेसहाला, घाटावरच्या पारापाशी. मंडळाचा हा पहिलाच मोठा कार्यक्रम. कार्ड अर्थातच तुमच्याकडे. आदल्या वर्षी त्याच मंडळानं घाट झाडायचा कार्यक्रम केला होता, त्या कार्डाची जुळणी तुम्ही दोऱ्यानं बांधून फळीवर जपून ठेवली होती. मंडळाचं नाव तेच, स्थळ तेच, खाली कार्यकारिणीची नावं तीच. सगळं पुन्हा कशाला जुळवायचं, म्हणून तुम्ही तीच जुळणी खाली घेतलीत. घाट झाडण्याच्या ओळी काढून तिथे बाईंचं नाव आणि साथीदार घातलेत, वार-तारीख बदललीत. वेळेची ओळ राहिली. तिथे लिहिलं होतं, सकाळी साडेसहा.

तेव्हा तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून प्रुफं मी वाचायची. मला शाळेत नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, शाळेतून सुटले की छापखान्यात यायचं आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचं. ती पेन्सिल तुम्हीच दिली होतीत, माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी, कागदात गुंडाळून. त्या गुरुवारी तुम्ही प्रूफ माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, नाव आणि वार-वेळ नीट बघ, माणूस मोठा आहे. मग तुम्ही कागद आणायला गेलात. मी घड्याळ बघितलं. नाशिकरोडला त्या संध्याकाळी सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता, त्याचं कार्ड आपण छापलेलं नव्हतं, शाळेतले चारजण निघाले होते, त्यात चित्रकलेचे मास्तर होते, आणि शालिमारहून साडेचारची बस पकडायची होती. तुम्हाला मी मैत्रिणीचा वाढदिवस सांगितला होता. प्रूफ मी उचललं, त्याच्यावर माझी पर्स ठेवली, पर्समधून कंगवा काढला, केस नीट केले. तुम्ही कागदाची रिमं घेऊन आलात आणि विचारलंत, वाचलंस? मी म्हटलं, वाचलं, ठीक आहे. एक ओळसुद्धा वाचली नव्हती अण्णा. चाचा मशीनपाशी उभे होते, त्यांनी पर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाय ट्रेडलवर ठेवला.

ऑर्केस्ट्रा फार छान झाला. ते मास्तर पुढे तुमचे जावई झाले, म्हणजे त्या संध्याकाळचा हिशेब अगदीच वाया गेला नाही. शुक्रवारी चिटणीस येऊन तीनशे कार्डं घेऊन गेले. कार्यक्रम कधी आहे ते त्यांना पाठच होतं, त्यांनी कार्ड कशाला वाचावं. ज्यांना मिळाली त्यांनी वाचली आणि सकाळीच यायचं ठरवलं.

शनिवारची संध्याकाळ मला अजून दिसते. आई भाकरी थापते आहे, मी तव्याशी उभी आहे, आणि तुम्ही उद्याचा सदरा खुंटीला लावून त्याच्या खिशात कार्ड ठेवायला घेता, कारण कार्ड आदल्या दिवशीच खिशात ठेवायचं ही तुमची पद्धत. ठेवताना तुम्ही ते सहज दिव्याकडे धरता. मग चष्मा पुसता. मग पुन्हा धरता. कार्ड माझ्यापुढे करता, आणि मी ते वाचते, पहिल्यांदाच वाचते, आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपते. "तुझ्या नजरेतून काना-मात्रा सुटत नाही," तुम्ही म्हणालात, रागानं नाही, चकित होऊन. मला तिथेच सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे पर्स सांगायची, बस सांगायची, मास्तर सांगायचे. तुम्ही तेवढ्यात म्हणालात की वाचणाऱ्याकडून सुटू शकतं, पण जुळाऱ्याकडून सुटता कामा नये, चूक माझी. आणि सायकल काढलीत.

चिटणिसांच्या घरी मी तुमच्याबरोबर आले होते. बाई दुपारीच येऊन त्यांच्याकडे उतरल्या होत्या, आतल्या खोलीत विश्रांती घेत होत्या. चिटणीस कार्ड बघून मटकन खाली बसले. तीनशे घरं, फोन किती जणांकडे, एका संध्याकाळी कुणाकुणाला गाठणार, हे सगळं त्यांनी बोटांवर मोजलं आणि बोटं संपली. तुम्ही उभेच होतात. म्हणालात, कुणाला गाठायची गरज नाही, मी उद्या सहा वाजता पायऱ्यांवर उभा राहतो, जो येईल त्याची माफी मागतो आणि संध्याकाळी या म्हणून सांगतो. येताना वाटेत तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. इतक्या वर्षांत माझ्या हातून खोटं छापलं गेलं नव्हतं, एवढंच एकदा म्हणालात. मी तुमच्या मागून चालत होते आणि गंगेवरचा, आपल्या गोदावरीवरचा, वारा मला बोचत होता.

सकाळी घाटावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. तुम्ही मफलर बांधून, खिशात कार्ड घेऊन वरच्या पायरीवर हात जोडून उभे राहिलात. मी शेजारी. सव्वासहाला पहिली रिक्षा आली, तिच्यातून गंगापूररोडचं एक वयस्क जोडपं उतरलं, हातात चहाचा थर्मास. तुम्ही सांगितलंत, छापण्यात चूक झाली, चूक माझी आहे, गाणं संध्याकाळी आहे. आजोबा म्हणाले, बरं, आणि आजींना म्हणाले, आता आलोच आहोत तर बसू जरा. बसले. मग कॉलेजची चार मुलं, मग एका शाळेच्या सगळ्या शिक्षिका, मग एक गृहस्थ हातात खराटा घेऊन. त्यांना मागच्या वर्षीचं कार्ड लक्षात होतं, त्यांनी यंदाचं पुरतं वाचलंच नव्हतं. तुम्ही प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होतात, आणि प्रत्येकजण ऐकून घेऊन खाली जाऊन बसत होता. पावणेसातपर्यंत दीडशे माणसं रिकाम्या पाराकडे तोंड करून, शाली गुंडाळून, गप्पा मारत बसली होती. कुणी थर्मासमधला चहा अनोळखी माणसाला देत होतं. खराटेवाल्या गृहस्थांनी पार झाडून काढला.

चिटणीस आले, त्यांनी वरून हे सगळं बघितलं, आणि काही न मोजता उलट्या पावली घरी पळाले. पुढचं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं. बाई पहाटेच उठून तंबोरा घेऊन बसल्या होत्या. यांनी दारातून चाचरत सांगितलं की असं असं झालं, दीडशे लोक येऊन बसले आहेत, उठत नाहीत. बाई हसायला लागल्या, आणि म्हणाल्या की माणसं आंघोळी करून आली आणि मी इथे खोलीत गात बसू काय. दहा मिनिटांत त्या घाटावर आल्या, सुती साडी, वर शाल. तबलजी दाढी न करता, स्वेटर उलटा घालून आले. माईक संध्याकाळचा सांगितलेला, तो नव्हताच. देवळातून सतरंजी आली.

बाईंनी भैरव सुरू केला. मी कितीतरी गाणी ऐकली होती तोवर, पण सगळी नळीच्या दिव्याखाली आणि कर्ण्यातून. हे तसं नव्हतं. आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडे पोचत होता की काय कोण जाणे, धुक्यातून मधूनच देवळाची घंटा ऐकू यायची आणि बाई तिला जागा देऊन पुढे जायच्या. मखमलाबादकडून, आडगावकडून फुलं आणि भाजी घेऊन बाजाराला निघालेल्या बायका पायरीवर थबकल्या. आधी एकीनं पाटी डोक्यावर ठेवूनच ऐकलं, मग उतरवली, मग तिथेच बसली, आणि तिच्या मागून बाकीच्या बसल्या. ऊन पायऱ्यांपर्यंत उतरलं तेव्हा बाईंनी तोडी घेतली. मी तुमच्याकडे बघितलं. माफी मागायला जोडलेले हात तुम्ही खाली करायला विसरला होतात. ते तसेच होते, आणि तुमचे डोळे मिटलेले होते, आणि गालावर पाणी होतं. मलाही रडू आलं, पण मी फार आनंदात होते. इतकी आनंदात मी त्याआधी कधी नव्हते.

गाणं थांबलं तेव्हा मला आता सांगावंच असं वाटलं. मी म्हटलं, अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही डोळे पुसलेत, खिशातून कार्ड काढलंत आणि म्हणालात, थांब, आभार व्हायचेत. आणि कुणी उठत नाही असं बघून तुम्ही स्वतःच पुढे गेलात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माणसांपुढे बोललात. काय बोललात ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही, पण सगळे बसून राहिले. तेवढ्यात ती पाटीवाली बाई शेवंतीचा हार घेऊन बाईंकडे गेली, त्यांच्या गळ्यात घातला, आणि तुम्हाला म्हणाली, "लय गोड गाती हो. संध्याकाळचं आम्हाला नाय जमत, गावाकडं जायला गाडी धरावी लागती. हे सकाळचं बरं हाय, हेच करत जा." बाईंनी ते ऐकलं. त्यांनी चिटणिसांना विचारलं की कार्ड कुणी छापलं. तुम्ही मान खाली घालून पुढे झालात.

"सकाळचे राग आम्ही घरात, भिंतीपुढे गातो," त्या म्हणाल्या. "आमची मैफल कायम संध्याकाळची. अशी उन्हात, माणसांसमोर तोडी मी कधी गायलेच नव्हते. ही चूक दरवर्षी करा." तुम्ही पेन्सिल काढलीत आणि कार्डावर सकाळी साडेसहाच्या पुढे खूण केलीत, बरोबरची. मग आपण सगळे मिसळ खायला गेलो, बाईसुद्धा. जाळ रस्सा खाऊन त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा रस्सा मागितला. संध्याकाळचं गाणंही झालं. त्याला निम्मी माणसं आली, आणि तेही चांगलं झालं, पण आता ते कुणाला आठवत नाही.

मला वाटलं सगळं निभावलं. पण सोमवारी तुम्ही खिळ्यांना हात लावला नाहीत. मंगळवारीही नाही. कार्यक्रम गोड झाला ही देवाची कृपा, म्हणालात, पण जुळारी म्हणून मी संपलो, डोळ्यांचा भरवसा उरला नाही. चाचा एकटेच बिलं छापत होते. शुक्रवारी मी शाळेतून तडक छापखान्यात आले, सगळं सांगायचं म्हणून, अगदी ऑर्केस्ट्रासकट. चाचांना माझा चेहरा बघून कळलंच, ते हळूच म्हणाले, "बेटा, बोलायचं असेल तर बोल, मी बाहेर बसतो." ते बाहेर गेले आणि त्याच दारातून चिटणीस आत आले. मंडळाची बैठक झाली होती. पुढच्या वर्षीपासून गाणं सकाळी, घाटावर, माईकशिवाय, आणि कार्ड काकांनीच, म्हणजे तुम्हीच, छापायचं, वेळ ठसठशीत टाइपात. तुम्ही त्यांच्याकडे बघत राहिलात. मग माझ्याकडे वळलात आणि सावकाश म्हणालात, "हिनं वाचलं होतं. हिच्या नजरेतून कधी काही सुटत नाही, आणि हे सुटलं. म्हणजे ते सुटायचंच होतं. गंगामाईच्या मनात होतं." आणि चष्मा लावून तुम्ही ठसठशीत खिळ्यांचा कप्पा ओढलात. माझं सांगायचं राहूनच गेलं. दारात चाचा उभे होते, त्यांनी फक्त भुवई उडवली.

तेव्हापासून ती चूक तुमची झाली, आणि वर्षागणिक वाढत गेली. येईल त्याला तुम्ही ती सांगायचात. मोतीबिंदू काढला, नजर साफ झाली, तरी गोष्ट तीच. पुढे पुढे तीत पहाटेचं एक स्वप्नसुद्धा आलं. गावात ऑफसेट आलं, मग संगणक आले, कार्डं दुसरीकडे रंगीत छापून व्हायला लागली. गाळा आठवड्यातून दोन दिवस उघडू लागला, मग एक. पण मार्गशीर्षात ट्रेडल चालायचं म्हणजे चालायचंच. ती तीनशे कार्डं तुम्ही जुळवायचात, चाचा छापायचे आणि मी प्रूफ वाचायची, तीन-तीनदा, काठावर बोट ठेवून. फुलवाल्या बायका आता आदल्या दिवशीच विचारायच्या की उद्या कोण गातंय. काही जणी वेळेआधी येऊन पुढची जागा धरायच्या आणि पाट्या मागे ठेवायच्या.

दहाव्या वर्षी मंडळानं तुमचा सत्कार केला. आईनं तुम्हाला जबरदस्तीनं कडक इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता. शाल पांघरली, नारळ हातात दिला, आणि तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं मी बरोबर छापलं, कुणी शाल दिली नाही. एकदा चुकलो, तर ही मिळाली." सगळा घाट हसला. मग तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत आणि गंगामाईची ती गोष्ट सांगितलीत, माझ्या नजरेतून न सुटणाऱ्या काना-मात्रेची. लोकांनी वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या एका बाजूला जावई, त्यांना सगळं माहीत, ते हसू दाबून लाल झालेले. दुसऱ्या बाजूला चाचा, आता काठी घेऊन चालणारे, तेही टाळ्या वाजवत होते, माझ्याकडे बघून, जरा जास्तच जोरात. आधी मी भीतीनं गप्प राहिले होते. त्या दिवशी मात्र तुमच्याकडे बघताना मला कळलं की आता मी कधीच सांगणार नाही, कारण तुमच्या अंगावरून ती शाल काढून घ्यायची माझी छाती नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. चाचा त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले, आणि गुपित माझ्या घरातच राहिलं.

आता कार्ड फोनवर येतं. चिटणीस म्हातारे झाले आहेत, त्यांची सून मला आधी ते तपासायला पाठवते, आणि मी वेळेची ओळ मोठी करून वाचते. तुमची शाल माझ्या कपाटात असते, डांबराच्या गोळ्या घालून, आणि वर्षातून एकदा बाहेर येते. आजही आली. पुढच्या पायरीवर एक फुलवाली बसली होती, तिनं ती शाल चाचपून बघितली आणि म्हणाली, भारी हाय, कुणी दिली. मी म्हटलं, वडिलांची आहे.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं अण्णा. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. वाचून झाल्या झाल्या तुम्ही उठून खिळे काढले असतेत, शुद्धिपत्र जुळवलं असतंत, तीनशे प्रती घरोघरी पोचवल्या असत्यात आणि शाल मंडळाला परत केली असतीत, घडी घालून, नारळासकट. ते मला नको आहे. मार्गशीर्षात घाटावर सकाळी साडेसहाला फार थंडी असते, आणि खरं सांगायचं तर ती शाल निम्मी माझी आहे.